ईआरपी आपल्या कारखान्याच्या मापाचं कसं करायचं: सुरुवात स्टोअरच्या वहीपासून

रबाळे एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या स्टोअरमधे एक लांबट वही आहे, लाल कापडी पाठीची. ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन नि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, सुरू होऊन सात महिने झाले तरी स्टोअरचे काका रोज त्यात लिहायचे आणि आम्ही ऑफिसातले सगळे म्हणायचो की काकांची जुनी सवय जात नाही. एकदा स्टॉक काही केल्या जुळेना म्हणून मी ती वही मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले. कुठला स्टीलचा बार कुठल्या हीट नंबरचा, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या घाण्याचा, प्लेटिंगवाल्याकडे किती नग गेले आणि वजनावर किती परत आले, रात्री नऊला आलेला माल कोणी उतरवून घेतला, कस्टमरकडून रिजेक्ट होऊन आलेले नग कुठल्या खोक्यात ठेवलेत, हे सगळं तारीखवार त्यात होतं. सिस्टिममधे यातल्या एकाही गोष्टीला जागा नव्हती. काका सिस्टिम मागेल तेवढं सिस्टिममधे भरत होते आणि उरलेलं, ज्यावर कारखाना खरा चालतो, ते वहीत.

त्यानंतर आम्ही सगळं परत मांडलं, मग वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्यांच्या वर्कशॉपला मदत केली, तुर्भ्याला एपीएमसीतल्या एका फळवाल्या व्यापाऱ्याकडे पण थोडं काम केलं. तीनही ठिकाणी एकच गोष्ट दिसली, सॉफ्टवेअर आपल्या मापाचं करायचं म्हणजे त्यात कोड लिहायचा असं लोकांना वाटतं, पण निम्म्याच्या वर काम कोड लिहायच्या आधीचं असतं आणि ते झालं नाही की मग कोडवर कोड चढत जातो. खाली लिहिलंय ते तीसेक ते दोनेकशे माणसांच्या कंपनीसाठी. सॉफ्टवेअर इआरपीनेक्स्ट असो, ओडू असो, सॅप बिझनेस वन असो, नाहीतर टॅलीला जोडून काही केलेलं असो, क्रम साधारण हाच.

पहिला आठवडा फक्त बघायचं

व्हेंडरला बोलावून डेमो बघायची सगळ्यांना घाई असते. थांबा. एक ऑर्डर धरा, नुकतीच आलेली, आणि तिच्या मागेमागे फिरा. कस्टमरचा पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, मेलवर आला का व्हॉट्सअपवर, कच्चा माल आहे का हे कोणी कोणाला फोन करून विचारलं, कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून बार मागवला तर भाव कोणी ठरवला, गाडी आली तेव्हा गेटवर काय लिहिलं, वजनकाट्याची पावती कुठे गेली, असं करत करत पार पैसे बँकेत जमा होईपर्यंत. ज्या ज्या कागदावर कोणी पेनने काही लिहिलं त्याचा फोटो काढून ठेवा. एक्सेलच्या फाइली मागा, आणि "ती माझी पर्सनल आहे" असं कोणी म्हणालं तर ती आधी मागा, कारण सिस्टिम जे देत नाही ते माणसाने तिथे स्वतःपुरतं बनवून घेतलेलं असतं.

विचारताना "सॉफ्टवेअरमधे काय पाहिजे" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं की आत्ता आहे तस्संच पाहिजे. त्याऐवजी विचारा की हे नाही लिहिलं तर काय अडेल, कोणाचा फोन येईल. काकांना हीट नंबरचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, कस्टमरने दोन वर्षांनी एक नग परत पाठवला आणि विचारलं हा कुठल्या मालाचा, तर वही नसेल तर काय सांगणार?" ही खरी गरज. आणि गेटपासवर तीन सह्या का लागतात विचारलं तर कोणालाच धड सांगता येईना, कधीतरी पूर्वी काहीतरी चोरीला गेलं होतं म्हणून सुरू झालं एवढंच कळलं.

मग एक शीट, आणि प्रत्येक ओळीपुढे निर्णय

जमलेलं सगळं एका शीटमधे उतरवा, एका ओळीत एक गोष्ट. प्रत्येक ओळीपुढे चारातलं एक लिहायचं: सोडून देऊ, आपली पद्धत बदलू, सेटिंगने करू, किंवा नवीन बनवू. मालकांनी किंवा ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांनी या मीटिंगला पूर्ण वेळ बसलं पाहिजे, नाहीतर पर्चेसवाले साहेब नि प्रॉडक्शनवाले साहेब दोघं आपापल्या सोयीचं "बनवू" लिहून टाकतात.

"नवीन बनवू" लिहायला मी दोनच कारणं मानते. एक, कायदा मागतोय आणि सॉफ्टवेअर तसंच्या तसं देत नाही. दुसरं, कस्टमर आपल्याकडे येतो ते याच्यामुळे. आमच्याकडे हीट नंबर बारपासून पार डिस्पॅचच्या खोक्यापर्यंत जुळवून देतो, सोबत टेस्ट सर्टिफिकेट, यावर आम्हाला ऑर्डरी मिळतात, म्हणून तिथे खर्च केला. तीन सह्यांच्या गेटपाससाठी एक रुपया घालवला नाही, एक सही ठेवली आणि गेटवर फोटो काढून जोडायचा ठरवलं. शंभराच्या वर ओळींमधून "नवीन बनवू" मधे शेवटी अकरा उरल्या.

बदल तीन थरांत असतो, आणि प्रत्येक थराचा खर्च वेगळा

सगळ्यात वरचा थर सेटिंगचा. अकाउंटचं झाड, बिलाच्या नंबरची सिरीज, टॅक्सचे साचे, कोणाला काय दिसावं, कोणाच्या मंजुरीने काय पुढे जावं, प्रिंट कसं यावं. हे बदललं तरी पुढच्या व्हर्जनला जाताना सहसा काही तुटत नाही. मधला थर जोडकामाचा, म्हणजे फॉर्मवर आपले जादा रकाने, आपले रिपोर्ट, छोटे स्क्रिप्ट, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी. इआरपीनेक्स्टमधे कस्टम फील्ड, क्लायंट स्क्रिप्ट असं स्क्रीनवरूनच करता येतं आणि मोठं काही असेल तर वेगळं अ‍ॅप बनवून, ओडूच्या पैसेवाल्या व्हर्जनमधे स्टुडिओ मिळतो. इथे देखभाल लागते पण हाताबाहेर जात नाही. तिसरा थर म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ कोडलाच हात लावणं, आणि तिथे जाऊच नका. ओपन सोर्स आहे म्हणून कोड समोर दिसतो, डेव्हलपर म्हणतो एक ओळ बदलली की काम होतंय, होतं पण, आणि मग पुढच्या अपडेटला ती ओळ पुसली जाते किंवा ती पुसू नये म्हणून तुम्ही अपडेट घेणंच बंद करता.

मोठ्या कंपन्यांनी हे फार महागात शिकलंय. सॅपमधे कंपनीचे स्वतःचे प्रोग्राम झेड किंवा वाय अक्षराने सुरू होतात, ऐरोली-महापेच्या आयटी पार्कात कोणाही सॅपवाल्याला "झेड प्रोग्राम" म्हणालात तर लगेच कळतं. वर्षानुवर्षं असे प्रोग्राम साठत गेले. सॅपने २०१५ मधे एस-फोर-हाना हे नवं सॉफ्टवेअर आणलं आणि त्याआधीच्या ईसीसी या सॉफ्टवेअरचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेरपर्यंतच ठेवलाय, त्यामुळे आता प्रत्येक झेड प्रोग्राम उघडून बघावा लागतोय की हा कोणासाठी लिहिला होता, अजून कोणी वापरतं का, लिहिणारा तर केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून सॅपवाले हल्ली मूळ गाभा स्वच्छ ठेवा असं सतत सांगतात. आपल्या छोट्या कंपनीला हा धडा फुकट मिळतोय तर घ्यावा.

डेमो आपल्या मालावर घ्या

व्हेंडरच्या डेमोमधे टेबल-खुर्च्या किंवा सायकल विकतात आणि सगळं छान दिसतं. त्याला आपले वीस आयटम, पाच कस्टमर, पाच सप्लायर आणि मागच्या एका महिन्याचे खरे व्यवहार द्या, त्यात एक अर्धवट डिलिव्हरी, एक रिजेक्शन, एक परत आलेलं जॉबवर्क (बाहेरच्याकडे काम करायला पाठवलेला आपला माल) आणि एक भाव बदललेला पीओ नक्की घाला. सिस्टिम कोरी, एकही बदल न केलेली. ती कुठे अडते ते आपल्या लोकांना शेजारी बसवून बघा. शीटमधल्या बऱ्याच "नवीन बनवू" ओळी इथेच गळतात, कारण सॉफ्टवेअरमधे ती सोय आधीपासून असते, फक्त तिचं नाव वेगळं असतं.

आयटम मास्टर, इथे वेळ घाला

आमच्याकडे एकाच वस्तूला डिझाइनवाले स्लीव्ह म्हणायचे, स्टोअर बुश म्हणायचं आणि पर्चेस बुशिंग, आणि तिन्ही नावांनी तीन कोड उघडलेले होते. मग एका कोडला स्टॉक शिल्लक आणि दुसऱ्याला तुटवडा म्हणून नवीन खरेदी, असं चालू. हा मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची कोडसकट यादी, साफ करायला आम्हाला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत दाखवण्यासारखं काहीच झालं नाही म्हणून वरून बोलणी पण बसली, पण तो वेळ दिला नसता तर पुढचं काही उभंच राहिलं नसतं.

कोड लहान ठेवा. कोडमधेच धातू, व्यास, लांबी, प्लेटिंग, कस्टमर असं सगळं कोंबायची हौस असते, पण उद्या नवीन ग्रेड आला की पद्धत मोडते. कोड साधा अनुक्रमांक असला तरी चालतो, धातू नि व्यास वेगळ्या रकान्यात ठेवा म्हणजे शोधता येतात. बोलीतलं नाव एका जादा रकान्यात मराठीत लिहा, काकांनी "बुश" टाइप केलं तरी सापडलं पाहिजे. नवीन कोड उघडायचा हक्क एकाच माणसाला, तो सुट्टीवर असेल तर दुसरा ठरलेला, पण सगळ्यांना नाही. आणि एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीतला वस्तूच्या प्रकाराचा नंबर, आयटम उघडतानाच भरायची सक्ती ठेवा, उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर बिलावर सहा आकडी एचएसएन लागतो, नंतर हजार आयटमांना भरत बसणं फार वाईट काम आहे.

किलो, नग, पेटी

सगळ्यात जास्त स्टॉक इथे चुकतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही बार किलोवर घेतो आणि नगावर वापरतो. गोल स्टीलच्या बारचं मीटरला वजन काढायचं सूत्र कारखान्यात सगळ्यांना पाठ असतं, व्यास मिलिमीटरमधे घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं. २५ मिलिमीटरचा बार असेल तर ६२५ भागिले १६२, म्हणजे मीटरला साधारण ३.८६ किलो, सहा मीटरचा बार साधारण २३.१५ किलो. आता नग ८० मिलिमीटर लांबीचा आणि कापताना ब्लेड ३ मिलिमीटर खातं, म्हणजे ८३. कागदावर एका बारमधून ७२ नग निघतात आणि नगाला ०.३२० किलो माल लागतो. आमच्या बीओएममधे, म्हणजे एका नगाला काय नि किती माल लागतो त्या यादीत, हाच आकडा होता. पण शॉपफ्लोअरवर बारची टोकं वाकडी असतात, शेवटचा तुकडा पकडीत अडकतो, हातात ७० नग येतात. म्हणजे नगाला ०.३३१ किलो. फरक साडेदहा ग्रॅमचा, पण दहा हजार नगांना शंभर किलोच्या वर माल जातो, आणि तो सिस्टिममधे कुठेच खर्ची पडलेला नसतो, मग महिनाअखेरीस स्टॉक कमी भरतो आणि बिचाऱ्या स्टोअरवाल्याकडे संशयाने बघितलं जातं.

तर बीओएममधे ड्रॉइंगवरचा आकडा घालू नका, तीन-चार बार समोर कापून जे नग मिळाले त्यावरून काढा आणि ते कोणी, कधी मोजलं ते पण लिहा. टर्निंगचा भंगार हा पण आयटमच आहे, त्याला कोड द्या, बीओएममधे तो बाहेर पडणारा माल म्हणून दाखवा, भंगारवाल्याला विकताना त्याचं बिल होतं ते याच स्टॉकमधून जाऊ दे.

एपीएमसीतल्या फळांच्या व्यापाऱ्याकडे वेगळीच गंमत, हापूसची पेटी चार डझनाची पण असते, पाच डझनाची पण, सहाची पण. सॉफ्टवेअरमधे एक पेटी म्हणजे इतके डझन असं एकदाच ठरवून टाकलं की हिशोब कोसळलाच. तिथे पेटीच्या मापाप्रमाणे वेगळे आयटम केले, आंबा तोच पण पेटी वेगळी, विक्रीचा भाव पण पेटीप्रमाणेच लागतो त्यामुळे मार्केटमधल्या माणसाला ते सांगावं पण लागलं नाही.

जॉबवर्कचा हिशोब

माल प्लेटिंगला बाहेर जातो तेव्हा तो आपलाच असतो, फक्त जागा बदलते. म्हणून प्रत्येक जॉबवर्करच्या नावाचं एक गोदाम सिस्टिममधे उघडायचं आणि चलानने माल तिथे हलवायचा. बऱ्याच सॉफ्टवेअरमधे सबकाँट्रॅक्टिंग नावाने हे सगळं तयार असतं, त्याच्यावर आपलं वेगळं काही बनवायची गरज नसते.

आम्हाला दोन गोष्टी जोडाव्या लागल्या. पहिली मोजणीची. नग नगावर जातात आणि परत येताना वजनावर मोजतात, पण प्लेटिंगने नगाचं वजन थोडं वाढतं, जुन्या वजनाने भागलं तर नग जास्त दिसतात आणि हरवलेले झाकले जातात. म्हणून परत आलेल्या मालातले १०० नग हाताने मोजून वजन करायचं आणि त्या वजनाने बाकीचे काढायचे, हा रकाना जीआरएनवर, म्हणजे माल आल्याच्या नोंदीवर, सक्तीचा केला. दुसरी मुदतीची. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, यंत्रसामग्री तीन वर्षांत, नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि टॅक्स नि व्याज बसतं. त्यामुळे चलानच्या तारखेपासून किती दिवस झाले याचा रिपोर्ट, नऊ महिने झाले की मेल. जॉबवर्कच्या मालाचा जीएसटीतला फॉर्म आयटीसी-०४ पण यातूनच निघतो, ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक.

मायनस स्टॉकचं बटण

प्रत्येक कंपनीत गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टिम खरी वापरात आल्याच्या, दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी सांगतं की मायनस स्टॉक चालू करा, म्हणजे सिस्टिममधे शिल्लक नसली तरी माल खर्ची टाकू द्या, काम अडतंय. रात्री गाडी येते, माल उतरतो, नाइट शिफ्ट तो मशीनवर घेते, जीआरएन सकाळी होणार, सिस्टिम म्हणते मालच नाही. बटण चालू केलं की सगळे खूश होतात, पण मग मागच्या तारखेची एंट्री पडत राहते, प्रत्येक वेळी पुढच्या सगळ्या व्यवहारांची किंमत सिस्टिमला परत काढावी लागते, आणि मालाची कॉस्ट काय यावर कोणाचाच विश्वास राहत नाही.

आम्ही नाइट शिफ्टच्या सुपरवायझरला मोबाइलवर एक छोटा फॉर्म दिला, चारच रकाने, गाडी नंबर, सप्लायर, आयटम, वजन. तो भरला की माल "तपासणी बाकी" या गोदामात येतो आणि ज्या सप्लायरवर भरवसा आहे त्याचाच तिथून उचलता येतो. अर्ध्या दिवसाचं काम होतं. लेबल मराठीत ठेवली, आणि हे अगदी मनापासून सांगते, शॉपफ्लोअरचे फॉर्म मराठीत करा. बहुतेक सिस्टिममधे रकान्याचं नाव बदलायला कोड लागत नाही.

टॅक्स आणि कायदा, इथे "आमची पद्धत" चालत नाही

बिलाचा नंबर जीएसटीत जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्या आर्थिक वर्षात परत न येणारा, आणि त्यात अक्षरं, आकडे, डॅश नि स्लॅश एवढंच चालतं. कंपनीचं नाव, युनिट, पूर्ण वर्ष आणि पाच आकडी नंबर असं सगळं घातलं की १६ कधी ओलांडले कळत नाही, ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे बिलं नोंदवायचं सरकारी पोर्टल ते परत पाठवतं तेव्हा कळतं. ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढालीला लागू आहे, बिल रद्द करायला पोर्टलवर २४ तास मिळतात, त्यानंतर क्रेडिट नोट. म्हणून सिस्टिममधलं बिल रद्द करायचं बटण २४ तासांनी आपोआप बंद व्हावं, नाहीतर आपल्याकडे रद्द आणि पोर्टलवर चालू असं होतं. १० कोटी नि वरच्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांत पोर्टलवर चढवावंच लागतं.

ई-वे बिलाची, म्हणजे माल गाडीने हलवताना लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याची, मर्यादा सगळीकडे ५०,००० रुपये धरून ठेवतात, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती १ लाख आहे. हा आकडा सेटिंगमधे ठेवा, राज्याबाहेर आणि राज्यात असा वेगळा.

टॅक्सचा दर पण तसाच, तारखेसोबत ठेवायचा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू दुसऱ्या दरात गेल्या. ज्यांनी दर प्रिंट फॉरमॅटमधे किंवा स्क्रिप्टमधे लिहून ठेवला होता त्यांना त्या आठवड्यात एकेक जागा शोधत बसावं लागलं, आणि आधीच्या तारखेच्या बिलाची क्रेडिट नोट नव्या दराने निघाली तर तो घोळ वेगळाच.

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे ऑडिट ट्रेल लागतो, कोणी काय कधी बदललं याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. आता आपल्या मापाचे बदल करण्याशी याचा संबंध असा की डेव्हलपरने घाईत थेट डेटाबेसमधे आकडा बदलला तर तो या नोंदीत येतच नाही. आमच्याकडे लेखी नियम आहे, हिशोबाला हात लावणारी कुठलीही दुरुस्ती सिस्टिमच्या एंट्रीनेच.

सप्लायरच्या मास्टरमधे उद्यम नोंदणी आणि सूक्ष्म, लघु की मध्यम हा रकाना ठेवा. सूक्ष्म नि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि ही तारीख टळून पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिले तर खर्चाची वजावट आधीच्या वर्षात मिळत नाही. पेमेंटची तारीख इथून आपोआप निघाली की अकाउंटवाल्यांचा मार्च पुष्कळ हलका होतो.

मंजुऱ्या

मंजुरी शक्यतो एकच पायरी, फार तर दोन. रकमेप्रमाणे लावा, छोट्या खरेदीला मालकांच्या क्लिकची वाट बघायला लावू नका. जो मंजूर करतो तो गावाला गेला तर पुढे कोण, हे आधीच सिस्टिममधे घाला, गणपतीत आमचं अर्धं ऑफिस कोकणात असतं, तेव्हा पीओ अडकून बसले तेव्हा शहाणपण आलं.

कोड लिहायचाच असेल तर

अकरा ओळींचं काम करताना आम्ही काही गोष्टी सोडल्या नाहीत. सगळा आपला कोड वेगळ्या अ‍ॅपमधे, मूळ कोडच्या बाहेर, आणि गिटमधे, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे. चाचणीची वेगळी साइट, त्यावर दर आठवड्याला खऱ्या डेटाची कॉपी, पण त्या कॉपीतून मेल आणि ई-इन्व्हॉइस बंद केलेले, हे विसरलं तर चाचणीतली बिलं कस्टमरला जातात. आपल्या प्रत्येक जादा रकान्याच्या नावाला आपली एक खूण लावा म्हणजे पुढच्या व्हर्जनमधे त्याच नावाचा रकाना आला तरी भांडण होत नाही. आणि प्रत्येक बदलासोबत अर्ध्या पानाची मराठी टीप, हे का केलं, कोणी मागितलं, काढून टाकलं तर काय अडेल. ही टीप नसेल तर काम पूर्ण झालं असं मी धरत नाही आणि त्याचं बिलही पास करत नाही.

व्हेंडरच्या करारात मालकी स्पष्ट लिहून घ्या, आपल्यासाठी लिहिलेला कोड आपल्याकडे, आपल्या गिट खात्यात. मॅनडेचा, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाचा, दर ठरतो पण एका बदलाला किती दिवस हे बोलायचं राहून जातं, ते शीटमधल्या ओळीपुढे लिहून घ्या. व्हर्जन बदलताना आपला कोड चालता ठेवायचं काम वार्षिक देखभालीत येतं का वेगळं, हेही.

ओपनिंग आणि तारीख

१ एप्रिल सगळ्यांना सोयीची वाटते, नवीन वर्ष, कोरी पाटी. माझं मत वेगळं आहे. मार्च-एप्रिलमधे अकाउंट क्लोजिंगमधे बुडालेलं असतं आणि त्याच माणसांकडून तुम्हाला ओपनिंग बॅलन्स पाहिजे असतात. १ जुलै किंवा १ ऑक्टोबर घ्या, जीएसटीत एका वर्षात बिलांच्या एकापेक्षा जास्त सिरीज चालतात त्यामुळे मधेच नवीन सिरीज सुरू करता येते. जुने व्यवहार ओढून आणू नका, फक्त उघडी बिलं, उघडे पीओ, जॉबवर्करकडचा माल मूळ चलानच्या तारखेसह, आणि मोजलेला स्टॉक. स्टॉक खरोखर मोजायचा, जुन्या सिस्टिमचा आकडा उचलायचा नाही, कारखाना दोन दिवस बंद ठेवावा लागला तरी.

चाचणीत चांगल्या केसेस कोणीही करतं. तुम्ही वाईट केसेस करा, जास्त आलेला माल, चुकीच्या सप्लायरच्या नावाने झालेला जीआरएन, कस्टमरने अर्धं परत केलेलं आणि अर्ध्याची डेबिट नोट पाठवलेलं बिल, डिस्पॅचच्या वेळी नेट गेलेलं. आणि चाचणी रोज ते काम करणाऱ्यानेच करायची, त्याच्या साहेबाने नाही.

पहिला महिना रोज सकाळी दहा मिनिटं उभ्या उभ्या मीटिंग. मागण्या येतील, पन्नास येतील, लिहून घ्या पण महिनाभर नवीन काही बनवू नका, फक्त जे तुटलंय ते दुरुस्त करा. त्यातल्या पुष्कळ मागण्या तिसऱ्या आठवड्यात माणूस स्वतःच काढून टाकतो, कारण तोवर हात बसलेला असतो.

आमचं दुसऱ्यांदा गो-लाइव्ह होऊन सहा आठवडे झाल्यावर मी काकांकडे परत वही मागितली. हीट नंबर त्यात नव्हते, प्लेटिंगचे नग नव्हते, रात्रीचा माल नव्हता. रोजची एकच ओळ होती, कुठल्या मशीनपाशी कुठल्या व्यासाच्या बारचा किती मिलिमीटरचा तुकडा उरलाय. मी म्हणतेय तुकड्यांना वेगळा आयटम कोड देऊन रॅकवर टॅग लावू, काका म्हणतायत तीनशे मिलिमीटरच्या खालचा तुकडा मोजण्यात वेळ जातो, तो सरळ भंगारात दाखवा. सोमवारी एक दिवसाचे तुकडे दोघांनी मिळून मोजायचे ठरलेत, मग शीटमधे ती ओळ कुठल्या खात्यात टाकायची ते लिहू.